योगपरिभाषा : व्युत्पत्ती आणि प्रयोग

योगाभ्यासाचा परिचय करून देणाऱ्या मराठी पुस्तिकांच्या अखेरीस बहुधा पारिभाषिक शब्दांची सूची जोडलेली असते. तीत संज्ञेचा धातू देऊन त्यावरून एकच एक अर्थ सिद्ध केला जातो. ही पद्धती शास्त्रशुद्ध भासते. परंतु तिच्या मुळाशी व्युत्पत्ती आणि अर्थ यांची गल्लत आहे. तीन संज्ञांच्या आधारे ती दाखविण्याचे येथे योजिले आहे.

पहिली संज्ञा 'योग' हीच. 'युज् म्हणजे जोडणे, म्हणून योग म्हणजे जीवशिवांचे मीलन' ही व्याख्या सर्वत्र आढळते. परंतु पाणिनीय धातुपाठात 'युज्' हा धातू जसा रुधादिगणात जोडणे या अर्थी येतो, तसाच दिवादिगणात समाधी या अर्थीही येतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य दुसराच अर्थ स्वीकारते, आणि वाचस्पतिमिश्र तर पहिला येथे अभिप्रेत नाही असे स्पष्ट सांगतात. पातंजल दर्शनाचे साध्य कैवल्य, म्हणजे पुरुषाची प्रकृतीपासून विविक्तता. त्यास मीलन म्हणणे हा सिद्धान्ताचा विपर्यास होय. मीलनाचा अर्थ खोटा नव्हे. तो अन्य परंपरांचा आहे.

'वज्रासन' हे उदाहरण अधिक बोलके आहे. आज हे नाव गुडघे मोडून टाचांवर बसण्याच्या आसनास आहे, व घेरण्डसंहितेतील वर्णन त्याच्या जवळचे आहे. हठप्रदीपिकेत मात्र सिद्धासनासच कित्येक वज्रासन म्हणतात, अशी नोंद आहे. त्यात एक टाच सीवनीशी दाबून बसावयाचे असते. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायात मूळबंधाचे वर्णन करून वज्रासन हे त्याचेच गौण नाव सांगितले आहे, आणि तेथेही टाचेचा दाब सीवनीवरच आहे. आजच्या सूचीतील व्याख्या मनाशी धरून या ओव्या वाचणाऱ्यास त्या दुर्बोध वाटतील, आणि तो दोष ज्ञानदेवांच्या माथी मारील. 'वज्र' शब्दाची व्युत्पत्ती कितीही खणली तरी हा घोटाळा उलगडणार नाही. तो उलगडतो केवळ ग्रंथागणिक प्रयोग पाहिल्याने.

तिसरी संज्ञा 'कपालभाती'. हठप्रदीपिकेत तिची गणना धौती, नेती इत्यादी षट्कर्मांत आहे. आठ कुंभकांत ती नाही. शिवाय मेद व कफ अधिक असणाऱ्याने ही कर्मे आधी करावीत, इतरांना त्यांची आवश्यकता नाही, असे तेथे सांगितले आहे. आज 'कपालभाती प्राणायाम' असा प्रयोग रूढ आहे. रूढ प्रयोगास भाषाशास्त्र अशुद्ध म्हणत नाही, व आम्हीही म्हणत नाही. मात्र वर्ग बदलताच त्याबरोबरची मर्यादाही लोपली, आणि काहींसाठी सांगितलेली क्रिया सर्वांची नित्याची झाली, हे सूचीकाराने नोंदविले पाहिजे. येथे शब्दाच्या चुकीचा भार अभ्यासकाच्या शरीरावर पडतो.

सारांश, योगपरिभाषेच्या कोशात प्रत्येक संज्ञेपुढे प्रथम ग्रंथ, मग त्या ग्रंथातील अर्थ, त्यानंतर आजचा प्रयोग आणि शेवटी व्युत्पत्ती असा क्रम असावा. धातू शब्दाचे कूळ सांगतो; त्याचे आचरण सांगत नाही.