आधी मन, मग पाणी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांचे चित्रण हा मला ‘स्मृतिचित्रे’चा गाभा वाटतो. पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. ते सुटले कुणाच्या सक्तीने नव्हे, स्वतःच्या विचाराने. आपल्या हट्टाला हसत त्या हे सांगतात. उपदेशाचा आव कुठेही नाही. हेच या लेखनाचे सामर्थ्य. टिळक दांपत्याचा पंथ आपल्याहून वेगळा. पण जेऊर स्थानकावर गाडीची वाट पाहत हा भाग पुन्हा वाचताना मी अंतर्मुख झालो. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद आधी गेला, बाप्तिस्म्याचे पाणी मागून आले. आपल्या मस्तकावर ते तान्हेपणीच पडले; अंतःकरणापर्यंत पोहोचले काय?