हातानं केलं, म्हणून चांगलं?



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे घरगुती रंगकाम आणि सूतकाम. दोघातिघांनी मला आत येतानाच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं पातेल्यात उकळणाऱ्या डाळिंबाच्या सालींशी काय काम? काम आहे. 'नैसर्गिक', 'हातानं केलेलं' आणि 'घरगुती' हे तीन शब्द आज प्रदर्शनांतून ज्या निर्धास्तपणे वापरले जातात, तितक्या निर्धास्तपणे आम्ही 'सत्य' हा शब्द वर्गातसुद्धा वापरत नव्हतो. (हशा) शब्द वाजवून घेणं हा आमचा धंदा आहे. तेवढंच आज करू.

सुरुवात आपल्या पेठेपासून करू या. शनिवार पेठेत सूतकाम म्हटलं की चरखा किंवा माग डोळ्यांसमोर येत नाही. इथलं सूतकाम म्हणजे वाती. साध्या वाती, फुलवाती, लाखाची वात. पूजेसाठी कुंकू लावलेली कापसाची वस्त्रं. टकळीवर काढलेलं जानव्याचं सूत: चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजायचे, मग त्याची तिपेड, पुन्हा पीळ. त्यानंतर आल्या क्रोशाच्या सुया, दोन सुयांवरचं विणकाम, दाराचं तोरण, टेबलक्लॉथ. पुढे रेडिओवर आणि टीव्हीवर घालायची झालरसुद्धा. हे सगळं काम घरात झालं, बहुतेक बायकांनी केलं, आणि त्याची समीक्षा कुणीही केली नाही.

का केली नाही? कारण या कामाचं प्रदर्शन भरायचं ते रुखवतात. रुखवत ही आपली फार जुनी प्रदर्शनसंस्था आहे, पण तिचा एक अलिखित नियम आहे: इथे नाव ठेवायचं नाही. फार तर मागे, पंगतीत, हळू आवाजात. रुखवतातलं तोरण पाहून आपण काय म्हणतो? "मुलगी हौशी आहे हो." तोरण चांगलं आहे असं नाही म्हणत. म्हणजे वस्तूकडे बघून आपण व्यक्तीला प्रमाणपत्र देतो. तोरण हा फक्त पुरावा. त्यामुळे तोरणाची वीण सैल आहे, रंग एकमेकांना खातायत, हे बोलणं म्हणजे मुलीच्या वळणाबद्दल बोलणं ठरतं, आणि सभ्य माणूस गप्प बसतो. आज रुखवत भाड्यानं मिळतं, पण ही सवय मात्र आपण भाड्यानं घेतलेली नाही, ती पक्की आपली आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनात आजही आपण रुखवतातल्या पाहुण्यासारखेच फिरतो. "हातानं केलंय ना, छानच आहे." माझं म्हणणं असं, की या वाक्यात कौतुक कमी आणि दुर्लक्ष जास्त आहे.

आता रंगाकडे येतो. 'नैसर्गिक रंग' म्हणजे काय? या शब्दात तीन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात. एक, रंग वनस्पतीपासून आला. दोन, तो शुद्ध आहे. तीन, तो निरुपद्रवी आहे. पहिल्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा आपोआप निघतो असं आपण धरून चालतो. तो निघत नाही.

मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतून लाल रंग निघतो. युरोपातल्या त्याच्या भावंडातलं मुख्य रंगद्रव्य अॅलिझरिन. १८६८-६९च्या सुमारास ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनज्ञांनी तेच द्रव्य डांबरापासून मिळणाऱ्या कच्च्या मालातून तयार केलं. 'तेच' हा शब्द मी जपून वापरतो आहे. रेणू तोच. मुळातला अॅलिझरिनचा रेणू आणि कारखान्यातला रेणू शेजारी ठेवले तर कोण कुठून आला हे रेणू सांगत नाही. मग फरक काय? फरक आहे, आणि तो गंमतशीर आहे. मुळात एकटं अॅलिझरिन कधीच नसतं. पर्प्युरिन असतं, पिवळी-तपकिरी द्रव्यं असतात, माती-पाण्याप्रमाणे प्रमाण बदलतं. त्या मिसळीमुळे लाल रंगात एक खोली येते, भगवी-विटकरी झाक येते. म्हणजे बघा, कारखान्याचा रंग जास्त शुद्ध, आणि वनस्पतीचा रंग देखणा आहे तो त्याच्या अशुद्धीमुळे! आणि आपण चिठ्ठीवर लिहितो, 'शुद्ध नैसर्गिक'. नेमकं उलट.

तिसरा दावा निरुपद्रवीपणाचा. रंग फुलाचा असला तरी तो सुती कापडावर आपणहून बसत नाही. त्याला धरून ठेवायला तुरटी लागते, हिराकस लागतो. ही दोन्ही रसायनंच, पण जपून वापरली तर घरात चालतात. याच कामासाठी मोरचूद वापरतात, आणि काही जण पोटॅशियम डायक्रोमेटही वापरतात. ते क्रोमियम घातक आहे, त्याचं पाणी मोरीत ओतायच्या लायकीचं नाही. रंग झेंडूचा आणि बांधणारं क्रोमियम, अशा ओढणीला नैसर्गिक म्हणणं हे अर्धसत्य आहे. आणि स्वयंपाकाच्या पातेल्यात हे काम कुणीही करू नये, तुरटीचंसुद्धा. रंगाचं पातेलं वेगळं ठेवावं.

निरुपद्रवीपणाचा आणखी एक अर्थ आहे, माणसाला उपद्रव. निळीचं उदाहरण घ्या. बंगालमध्ये शेतकऱ्यांवर नीळ लादली गेली, १८५९ साली तिथे उठाव झाला, पुढच्याच वर्षी दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' नाटक आलं. चंपारणमध्ये 'तीनकठिया' पद्धत होती, वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते यासाठी. त्याआधी १८९७ साली जर्मन कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि झाडाच्या निळीचा धंदा बसत चालला होता. म्हणजे ज्या निळीसाठी माणसं मारली-झोडली गेली, ती शंभर टक्के नैसर्गिक होती. रंगाच्या उगमावरून त्याचं चारित्र्य ठरत नाही. ते ठरतं कुणी, कुणाकडून, कोणत्या अटींवर तो करून घेतला यावरून.

मग रंगाची समीक्षा कशानं करायची? आपल्या रंगाऱ्यांनी त्यासाठी दोन शब्द देऊन ठेवलेत: कच्चा आणि पक्का. 'रंगारी' हे नाव पुण्याला नवं नाही. भाऊसाहेब रंगारी मुळात जावळे आणि स्वतः वैद्य, पण घराण्यातल्या कापड रंगवण्याच्या धंद्यावरून नाव पडलं रंगारी. निळीचं काम करणारी निराळी समाजाची घरं या भागातल्या गावोगाव होती. या लोकांना सौंदर्यशास्त्र शिकवायची गरज नव्हती. धुण्यात आणि उन्हात काय उरतं, हा त्यांचा पहिला प्रश्न.

या कसोटीवर आजचं घरगुती रंगकाम बरंचसं नापास होतं, हे सांगायला हवं. बिटाचा रंग सुती कापडावर सुंदर गुलाबी दिसतो आणि दोनचार धुण्यांत जातो. तो रंग नव्हे, डाग. हळद लगेच चढते, पण उन्हात विटते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाका, हा सल्ला त्याच ज्ञानाचा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग 'पक्का' होतो हे सुती कापडाबाबत बहुतेक वेळा खोटं आहे. पक्कं करायचं तर क्रम पाळावा लागतो. धुण्याच्या सोड्यात कापड उकळून त्याची खळ आणि तेलकटपणा काढायचा. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, कारण सुताला तुरटी नीट धरत नाही, हिरड्यातलं तुरट द्रव्य दोघांमध्ये दुवा होतं. मग तुरटी, कापडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के. मग रंग, मंद आचेवर. मंजिष्ठ खळखळा उकळलं की लाल जाऊन तपकिरी येतो. त्याच हिरड्यावर तुरटीऐवजी थोडा हिराकस दिला तर करडा, काळा होतो. जुनी शाई याच मेळातून व्हायची. नीळ या सगळ्याला अपवाद. ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवून किंवा चुन्या-गुळाच्या पाण्यात तिचं रूप बदलावं लागतं, कापड बाहेर येतं ते पिवळट हिरवं, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं.

हे मी पाककृती म्हणून सांगत नाही. या क्रमातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि ते कारण माहीत असणं म्हणजे कारागिरी. डेव्हिड पाय नावाच्या इंग्रज कारागीर-प्राध्यापकानं १९६८च्या आपल्या पुस्तकात एक उपयोगी भेद केला. एक जोखमीची कारागिरी, जिथे शेवटच्या क्षणापर्यंत काम बिघडू शकतं. दुसरी निश्चितीची, जिथे निकाल आधीच ठरलेला. हातकाम आणि यंत्रकाम या जोडीपेक्षा हा भेद बरा. पण त्यात एक पाचर मारून ठेवतो. जोखीम घेतली एवढ्यानं कारागिरी होत नाही. "प्रत्येक कापड वेगळं येतं, तेच त्याचं सौंदर्य," असं ज्याला तेच कापड दुसऱ्यांदा करता येत नाही तो म्हणाला, तर ती पळवाट. तेच कापड पाचदा करू शकणारी बाई सहाव्यांदा मुद्दाम वेगळं करते, तेव्हा तो निर्णय. समीक्षकानं अपघात आणि निर्णय यांतला फरक ओळखायचा असतो. जो रुखवतातला पाहुणा आहे, त्याला तो दिसत नाही.

गोधडी घ्या. कुणी वाकळ म्हणतं. विरलेली लुगडी, धोतरं एकावर एक, आणि धावदोरा. आज ती भिंतीवर टांगली जाते आणि तिच्याबद्दल फक्त मायेचं बोललं जातं. आजीची ऊब वगैरे. ऊब खरी आहे, मी नाकारत नाही. पण मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वं सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, ती कवितेइतकीच गोधडीला लावून बघा. चांगल्या गोधडीत जाड काठ कडेला येतो, कारण ओढाताण तिथे जास्त. तोच काठ मग चौकट होतो. गडद तुकडा जिथे पातळ पडला तिथे त्याच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरा येतो. टाके जवळजवळ असतात ते धुताना आतले थर गोळा होऊ नयेत म्हणून, पण त्याच टाक्यांच्या ओळींमुळे सगळे विजोड तुकडे एका पृष्ठभागात बांधले जातात. उपयोग आणि रूप यांचा निर्णय एकाच टाक्यात होतो. हे बोलायला भाषा आहे आपल्याकडे. आपण ती वापरत नाही, कारण गोधडीवर भाषा खर्च करायची असते हेच आपल्याला वाटत नाही.

आणि घोंगडी? तिच्यात तर रंगच नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीचा काळा, वर चिंचोक्याची खळ. इथे न रंगवणं हा निर्णय आहे. टोचते म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ. पाऊस अंगावर घेणाऱ्या धनगराला ती का लागते, हे विचारणारे थोडे.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. कौतुक करायला पैसे पडत नाहीत. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीत कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यावर जगून बघायचा प्रयोग केला. खादीवर भाषण करायच्या आधी आठ-आठ तास कातलं आणि हिशेब मांडला. १९३५ साली चरखा संघानं गांधीजींच्या आग्रहावरून कातणाऱ्यांच्या निर्वाहाला पुरेल अशी मजुरी हे धोरण घेतलं, खादी महागणार हे माहीत असताना. याला मी समीक्षा म्हणतो. प्रदर्शनात गोधडीची किंमत ऐकून "जुन्या साड्यांचे एवढे?" असं म्हणणारा माणूस पाच मिनिटांपूर्वी "किती मेहनत आहे हो" म्हणालेला असतो. ही दोन वाक्यं एका तोंडात राहू शकत नाहीत. मेहनत दिसली असेल तर तिचे तास मोजा. टाके मोजा हवं तर.

हौस म्हणून घरी रंग करणाऱ्यांना माझा विरोध नाही. उलट त्यांनी करावंच, कारण एकदा स्वतः कापड रंगवलेला माणूस दुसऱ्याच्या कापडाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. पण हौशी माणसानं आपली ओढणी कुशल रंगाऱ्याच्या ओढणीशेजारी, त्याच 'हातानं केलेलं' या पाटीखाली मांडली, तर ती पाटी दोघांचंही नुकसान करते. एकाला न मिळवलेली किंमत मिळते, दुसऱ्याला मिळवलेली मिळत नाही.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा कापडासमोर उभे राहाल तेव्हा 'छान' म्हणायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा रंग कशावर बसवलाय? हे असं मुद्दाम केलंय की झालंय? आणि याला किती दिवस लागले, त्या दिवसांचे किती मिळाले? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला फार वर्षांनी कुणीतरी कामाबद्दल विचारलं, असं वाटतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.