रंगीत कॅमेरा आणि फिल्टरचा मोह

एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी गेल्या हिवाळ्यात काढलेली दोन छायाचित्रे मला दाखवली. दुर्बीण तीच, रंगीत कॅमेरा तोच, शाळेची गच्चीही तीच. पहिले मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे. ते झकास आले होते. दुसरे देवयानी दीर्घिकेचे. ते मात्र मातकट आणि निर्जीव. "सर, फिल्टर तर दोन्ही वेळा लावला होता," ते म्हणाले. पालकांच्या वर्गणीतून घेतलेला, बाजारात ज्याला ड्युअल बँड म्हणतात तो हा फिल्टर. त्याच्या काचेत काही दोष नव्हता. शहरातल्या उजळ आकाशावरचा रामबाण उपाय अशी त्याची जी ख्याती झाली आहे, तिच्यात दोष आहे.

१८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका लहानशा तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या फक्त काही सुट्या तेजस्वी रेषा. हा तप्त विरळ वायू आहे, ताऱ्यांचा पुंजका नव्हे, हे त्यावरून ठरले. त्यातल्या ठळक हिरव्या रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. आजचा ड्युअल बँड फिल्टर म्हणजे याच शोधाचे दुकानात मिळणारे रूप आहे. ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटरच्या रेषांपैकी किमान ठळक ५००.७ ची, आणि हायड्रोजनची ६५६.३ ची लाल रेषा, यांच्याभोवतीच्या दोन अरुंद पट्ट्या तो येऊ देतो. बाकी सारा प्रकाश अडवतो.

आता हिशेब करू. कॅमेऱ्याच्या लाल पिक्सेलला साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा दिसतो असे धरा. फिल्टरची पट्टी ७ नॅनोमीटरची असेल, तर आकाशाच्या उजेडाचा सुमारे चौदावा हिस्साच आत येतो; तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ पूर्ण येते. पार्श्वभूमीच्या मोजणीतले चढउतार वर्गमूळाच्या प्रमाणात घटतात, म्हणजे सुमारे ३.७ पट. तेजोमेघ तितका स्वच्छ उठून दिसतो. फिल्टरशिवाय हे साधायला १४ पट वेळ द्यावा लागला असता. पण दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचा सलग वर्णपट. तोही चौदावा हिस्साच उरतो. प्रकाश १४ पट घटला, चढउतार मात्र ३.७ पटच, म्हणजे चित्र होते त्याहून बिघडले! दीर्घिकेतले लालसर तेजोमेघांचे ठिपके तेवढे उठावदार होतील. कृत्तिकांभोवतीच्या निळसर धुक्याचेही तसेच. ती ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारी धूळ आहे. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला, तर दहावीच्या मुलांनाही कळेल.

कॅमेऱ्याच्या बाजूने आणखी एक अडचण आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे दर चार पिक्सेलांवर एक लाल, दोन हिरव्या व एक निळी अशा इवल्या गाळण्या बसवलेल्या असतात. हायड्रोजनची लाल रेषा पकडते ती चारांतली एकच. उरलेल्या तीन जवळजवळ बेकार बसतात. ऑक्सिजनच्या रेषा हिरव्या-निळ्याच्या सीमेवर पडत असल्याने तीन पिक्सेल कामाला येतात, हे त्यातल्या त्यात बरे. अरुंद पट्टीचेच काम मनापासून करायचे असेल, तर कृष्णधवल कॅमेरा आणि सुटे फिल्टर हाच सरळ मार्ग. शनिवारची एकच रात्र हाताशी असलेल्या शिक्षकांना तो परवडत नाही, हेही खरे. त्यामुळे तेजोमेघांपुरता ड्युअल बँड फिल्टर मी नाकारणार नाही.

जुन्या 'प्रकाशप्रदूषण-रोधक' फिल्टरांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. ते पारा व सोडियमच्या दिव्यांसाठी योजलेले होते. त्या दिव्यांचा बराचसा उजेड ठरावीक रेषांत असे, आणि तेवढ्याच अडवल्या की काम भागे. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमातून ठिकठिकाणी एलईडी दिवे आले. पांढऱ्या एलईडीचा वर्णपट ४५० नॅनोमीटरजवळ एक उंच शिखर आणि पुढे रुंद सलग टेकाड असा असतो. सलग उजेडातून काय वेचून काढणार? आपल्या रस्त्यावर काय आहे हे ठरवायला जुनी सीडी पुरते. रात्री तिच्यात दूरच्या दिव्याचे प्रतिबिंब तिरके धरून पाहा: सुटे रंगपट्टे दिसले तर फिल्टरचा थोडा उपयोग आहे, सलग इंद्रधनुष्य दिसले तर पैसे वाचवा. चंद्रप्रकाशही सलगच.

त्या पैशांत वर्गाला घेऊन काळोख्या गावी एक फेरी होते. मुंबईचे हौशी निरीक्षक वांगणीला जात आले आहेत ते काही उगाच नव्हे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला आहे. दीर्घिकेसाठी याला पर्याय नाही. एक फिल्टर मात्र आवश्यक ठरू शकतो: खगोलचित्रणाच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण रोखणारी काच नसेल, तर भिंगाच्या दुर्बिणीत तारे फुगलेले येतात, तेथे साधा अतिनील-अवरक्तरोधक फिल्टर हवाच. नेहमीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात तो आधीच असतो, इतका की हायड्रोजनची लाल रेषाही बरीचशी खाऊन टाकतो.

माझी खरी तक्रार प्रदर्शनातल्या तक्त्यांविषयी आहे. ड्युअल बँड फिल्टरमधून आलेल्या चित्राखाली 'तेजोमेघाचे खरे रंग' असे लिहिलेले मी पाहिले आहे. त्या चित्रातले ताऱ्यांचे रंग तर सरळ चुकीचेच असतात, कारण पिवळा प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचलेलाच नसतो. हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या प्रसिद्ध गरुड तेजोमेघाच्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग ठरवून दिला होता. ते उघड सांगितलेले असल्याने त्यात फसवणूक नाही. मुलांनीही फिल्टरची पट्टी, एकूण वेळ आणि कोणत्या रेषेला कोणता रंग दिला, एवढे चित्राखाली लिहावे. शेजारी दुर्बिणीतून डोळ्यांना दिसलेल्या, करड्या-हिरवट एम ४२ चे पेन्सिलने काढलेले चित्र लावले तर फारच उत्तम.

आणि हो, यांपैकी कोणत्याही फिल्टरमधून सूर्याकडे पाहू देऊ नका. काच गडद दिसते, पण डोळा जाळण्याइतका प्रकाश तिच्यातून येतो.