हलकी म्हणजे किती हलकी?

माणसाचे वजन आणि मोटारसायकलीचे वजन यांत एक मोठा फरक आहे. स्वतःचे वजन माणूस दोन-चार किलो कमी करून सांगतो आणि गाडीचे मात्र छाती फुगवून सांगतो. "अहो, कशी रस्त्याला चिकटून चालते! वजन आहे ना तिला!" हे वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही असा गृहस्थ विरळाच. जड गाडी म्हणजे घरंदाज गाडी, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

डांबरी सडकेवर ही समजूत खपून जाते. पण डांबर संपून दगडधोंडे, मुरूम आणि चिखल सुरू झाला की घरंदाजपणा अंगाशी येतो. अशा वाटांसाठी ज्या वेगळ्या गाड्या निघतात त्यांना ट्रेल मोटारसायकली म्हणतात. १९६८ साली यामाहाने अडीचशे सीसीची डीटी-१ अमेरिकेत विकायला काढली आणि लोकांना कळले की डोंगरात जायला रेडा लागत नाही, शेळी पुरते. पुढे १९८५ साली त्याच कंपनीने सेरो नावाची गाडी काढली. सेरो म्हणजे डोंगरकड्यांवर राहणारा, शेळीच्या जातकुळीतला एक प्राणी. बारशातच निम्मे काम झाले!

आपल्याकडे २०११ साली हीरोने १३४ किलोची इम्पल्स आणली. गाडी कुठेही चढत होती, फक्त लोकांच्या मनात चढली नाही. डोंगर चढणाऱ्या गाडीलाही आपण पहिला प्रश्न विचारतो तो "देते किती?" काही वर्षांनी ती बंद झाली.

आता मात्र निवड करता येईल इतका माल बाजारात आला आहे. तुलनेसाठी तीन गाड्या घेऊ. २०२३ च्या अखेरीस आलेली रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, वजन १९६ किलो. जानेवारी २०२५ मध्ये आलेली हीरोची एक्सपल्स २१०, वजन १६८ किलो. आणि २०२४ च्या अखेरीस इथे आलेली कावासाकीची केएलएक्स २३०, वजन १३९ किलो. पहिलीत आणि तिसरीत ५७ किलोंचा फरक. म्हणजे हिमालयनवाला एकटा निघाला तरी केएलएक्सवाल्याच्या मानाने तो मागे एक सडपातळ पाहुणा बसवूनच निघालेला असतो.

पण आम्हा बँकेतल्या माणसांना मोठ्या अक्षरातला आकडा दिसला की खालच्या बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते आधी पाहायची खोड. मोटारसायकलीचे वजन दोन तऱ्हांनी सांगतात. एक कोरडे, म्हणजे पेट्रोल-ऑइल वगळून. दुसरे भरलेले, म्हणजे रस्त्यावर उतरायला तयार. पगाराचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत जसा फरक, तसाच हा. फक्त इथे कापून काही जात नाही, वर चढते. पेट्रोलचे लिटरला साधारण पाऊण किलो धरा. हिमालयनच्या सतरा लिटरच्या टाकीत साडेबारा किलोंच्या वर भरले, केएलएक्सच्या साडेसात लिटरमध्ये सहासुद्धा नाही. तेव्हा एका गाडीचे कोरडे वजन दुसरीच्या भरलेल्या वजनाशी लावून कोणी वाद घालत असेल, तर त्याला आधी चहा द्यावा आणि मग कागद मागावा.

आणि वजन किती यापेक्षा ते ठेवले आहे कुठे, हे महत्त्वाचे. दोन हातांत दोन बादल्या घेऊन चालणे निराळे आणि तेवढेच पाणी हंड्यात भरून डोक्यावर घेऊन चालणे निराळे. ओझे तेच, पण हंड्याचा तोल जरा ढळला की सावरता सावरता पुरेवाट. म्हणून खाली वजन असलेली जड गाडी चालताना हलकी वाटते, आणि टाकी काठोकाठ भरलेली, वर सामान बांधलेली हलकी गाडी वळणावर डोळे वटारते.

आता खरी गंमत. या तिघींत सर्वांत हलकी ती सर्वांत उंच! केएलएक्सची बैठक आली तेव्हा ८८० मिलिमीटरवर, एक्सपल्सची ८३०, आणि हिमालयनची, खाली घेतली तर, ८२५. कारण सरळ आहे. दगड पोटाला लागू नये म्हणून गाडी उंच हवी, आणि आपटली तर दबायला जागा हवी म्हणून तिचे शॉकअॅब्सॉर्बर लांब हवेत. पाच फूट पाच इंचांच्या माणसाने त्या उंचीवर बसून पाय खाली सोडले, की बोटांची जमिनीशी नुसती तोंडओळख होते. तिघींचेही पुढचे चाक एकवीस इंची. मोठे चाक खड्ड्यात अडकत नाही, दगडावरून सहज जाते; मात्र गर्दीच्या पेठेत चटकन वळत नाही.

एका रविवारी भाच्याच्या मित्रमंडळींबरोबर गावाबाहेरच्या मुरमाच्या टेकाडावर गेलो होतो. चालत्या गाडीवर सगळी पोरे शूर होती. गाडी कुठलीही असो, वेगात ती हलकीच वाटते. चढाच्या मधोमध भाच्याला थांबावे लागले. त्याने पाय टेकायला खाली केला, आणि नेमका तिथे खड्डा! गाडी सावकाश, मोठ्या अदबीने आडवी झाली. कुठली ते सांगत नाही, कारण अपराध खड्ड्याचा होता. "मामा, जरा हात लावता?" असे त्याने म्हटले तेव्हा मला या विषयाचे मर्म कळले. वजन चालताना कळत नाही, थांबल्यावर कळते.

पडलेली गाडी उचलायचीही रीत असते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइडस्टँड काढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. मग तिच्याकडे पाठ करून बसायचे, एक हात हँडलला, एक मागे, आणि कंबर ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचे. चाळिशीनंतर हे एकदा जमते, दुसऱ्यांदा जमते. तिसऱ्यांदा माणूस शेजारच्या दगडावर बसून निसर्ग पाहू लागतो. आणि मोबाइलला रेंज नसलेल्या घळीत पाय गाडीखाली सापडला, तर हा हिशेब विनोदाचा राहत नाही.

म्हणून माझे मत असे. लांबचा हमरस्ता, मग घाट, मग थोडी कच्ची वाट, आणि बरोबर जोडीदार, असा बेत असेल तर हिमालयन. वाऱ्याच्या झोतात तिचे वजनच तिला सावरते. आठवडाभर कचेरी आणि रविवारी सह्याद्री, तेही बहुधा एकट्याने, तर एक्सपल्स. पाय लांब असतील, वाट खडतर असेल आणि पेट्रोलपंप जवळ असेल, तर केएलएक्स. पण पैसे मोजण्यापूर्वी ओळखीच्या माणसाची गाडी मऊ गवतावर अलगद आडवी करून एकट्याने उचलून पाहा. दुकानात हे करू देत नाहीत. नुसते विचारले तरी विक्रेता पाणी आणायला जातो. आणि सोबत चार दोस्त असतील तर कुठलीही घ्या, चौघांना जड काय? फक्त चौघांनी उचलायची वेळ गाडीवरच यावी, आपल्यावर नको.