शिसपेन्सिलीचीं वृक्षचित्रें : खर्डा कीं पक्की नक्कल ?

आमच्या संग्राहक बंधूंस एक खोड जडली आहे. कागदावर शिसपेन्सिलीची रेघ दिसली कीं तो खर्डा, आणि खर्डा म्हणजे पक्की नक्कल हातीं येईपर्यंतची सोय, असें ते धरून चालतात. दप्तरांतील कागदांस हा न्याय ठीक. चित्रांस तो लावूं नये, असें आमचें मत आहे.

चंद्रपूरच्या एका स्नेह्यांकडे आम्हीं आलापल्लीकडील झाडांचीं पेन्सिलीचीं चित्रें पाहिलीं. चित्रकाराचें नांव कोठेंच नाहीं. त्यांतील तीन पानांवर पूर्वींच्या कोणा मालकानें तीं ‘पुरीं करण्याकरितां’ शाई फिरविली आहे ! पोथींतील हरताळ परवडला. ज्या पानांस हात लागला नाहीं, तीं मात्र पाहण्यासारखीं आहेत. चैत्रांत चंद्रपूर-गडचिरोलीकडील साग निष्पर्ण असतो. त्या वेळीं अरण्याचा रंगच मुळीं राखी. तेथें रंगपेटी काय करणार ? ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळ साल कठीण पेन्सिलीच्या तुटक रेघांनीं, तर ओढ्याकांठच्या अर्जुनाचें गुळगुळीत खोड जवळजवळ कोऱ्या कागदानेंच दाखविलें आहे. फुललेल्या पळसापुढें मात्र हा हात हरला. तें पान आम्हीं बाजूस ठेवलें.

विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, आचार्य रेषेची वाखाणणी करितात, विचक्षण वर्तनेची. वर्णाढ्यता इतर जनांस आवडते. वर्तनेचे पत्रजा, ऐरिका व बिंदुजा असे तीन प्रकारही तेथें सांगितले आहेत, आणि ते तिन्ही या पानांत सांपडतात. उलट शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंतास चित्रांत वृक्ष काढावयाचा आहे, तो शकुंतलेच्या परिसराची शोभा म्हणून. वृक्षासच नायक करणें ही आपल्याकडे नवी गोष्ट, हें कबूल केलें पाहिजे. विलायतेंत कॉन्स्टेबलनें 1817 सालीं ईस्ट बर्गहोल्ट येथील एल्म वृक्ष पेन्सिलीनें काढले. तें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यास खर्डा म्हणण्याचें धाडस आमचे बंधू करतील काय ?

टिकाऊपणाची शंका व्यर्थ आहे. शिसपेन्सिलींत शिसें नसतेंच. ग्राफाइट हा कार्बन होय, हें शेले यानें 1779 सालीं दाखविलें. पोथ्यांतील काजळाची शाई तरी दुसरें काय आहे ? ऊन या रेघेस फिकें करीत नाहीं; बोट मात्र पुसतें. तेव्हां पानांमध्यें पातळ, अम्लरहित कागद घालावा, घडी घालूं नये, आणि सूचींत ‘चित्र’ अशीच नोंद करावी. पानांच्या पाठीवर झाडाचें नांव व महिना पेन्सिलीनेंच लिहिला आहे. तोही कोणी शाईनें गिरवूं नये.