टीपॉयवरचा पानडबा: सजावटीच्या एका सूत्राची तपासणी

एरवी या ब्लॉगवर मी धातूंच्या पृष्ठभागाबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडी त्यावरच चालू आहे. धातूला हवा लागली, पाणी लागलं, घाम लागला की त्याच्या वरच्या थरात काय होतं, हा माझा विषय. आजही धातूच आहे, पण प्रयोगशाळेतला नाही. आमच्या भंडाऱ्याच्या घरी, हॉलमधल्या टीपॉयवरचा.

त्याचं असं झालं, मार्गशीर्षात एका रविवारी मला 'पाहायला' पाहुणे येणार होते. आईने फर्मान काढलं, "तो टीपॉय जरा नीट कर, मासिकात असतो तसा." मी दोन दिवस कॉफी टेबल सजवण्याचे व्हिडिओ पाहिले. तुम्हीही पाहिले असतील. सगळ्यांचं सूत्र थोड्याफार फरकाने एकच असतं. मधोमध एक ट्रे. दोन-तीन जाड पुस्तकं आडवी रचलेली. त्यांच्यावर एक जुनी पितळी वस्तू. बाजूला छोटं रोप किंवा फुलदाणी, आणि एक मेणबत्ती. वस्तू विषम संख्येत हव्यात, उंची कमी-जास्त हवी, रंग दोन-तीनच हवेत.

एखादं सूत्र हाती आलं की आम्ही आधी विचारतो, हे कोणत्या परिस्थितीत लागू पडतं? तेच इथे करून पाहू.

आधी शब्द

'टीपॉय' हा शब्द आपण इंग्रजी समजतो. खरं तर तो आपल्याकडूनच गेला आणि परत आला. हिंदीतली 'तिपाई' म्हणजे तीन पायांचं छोटं मेज. साहेबाने तिला 'टीपॉय' केलं, आणि पुढे त्यातला 'टी' म्हणजे चहाच असं लोकांना वाटू लागलं. 1886 साली आलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात याची नोंद आहे. आता पाय चार झाले, वर काच आली, पण काम तेच राहिलं: बसलेल्या माणसाच्या हाताशी काहीतरी ठेवणं. सूत्र नेमकं हे काम विसरतं.

मग हिशेब

सूत्रासोबत मापंही येतात. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा जराशी कमी, आणि सोफा व टीपॉय यांच्यात साधारण 18 इंच अंतर. ही मापं चांगली आहेत, गुडघे आपटत नाहीत. आता आमचा हॉल घ्या, 10 बाय 12 फूट. एका भिंतीला सोफा, खोली 3 फूट. समोर दिवाण, अडीच फूट. मध्ये उरले साडेचार फूट. दोन्हीकडे 18-18 इंच सोडले की टीपॉयला रुंदी मिळते दीड फूट. लांबी 3 फूट धरा.

म्हणजे 18 बाय 36 इंच. पोह्यांची प्लेट असते सुमारे 7 इंचांची. अशा प्लेटा पाच-पाचच्या दोन ओळींत बसतात, एकूण दहा. पाच पाहुणे आले तर पोह्यांच्या पाच प्लेटा एका ओळीत, पाण्याचे पाच पेले दुसऱ्या ओळीत. टीपॉय भरला. ट्रे, पुस्तकं, रोप, मेणबत्ती यांच्यासाठी जागा शून्य. म्हणून आपल्याकडे काय होतं, तर पाहुणे आले की सजावट उचलून टीव्हीखाली सरकवली जाते. ज्यांच्यासाठी सजवलं, त्यांच्याच वेळी सजावट अडचण ठरते. मोठ्या हॉलमध्ये हे सूत्र चालत असेलही. पण भंडारा, तुमसर, साकोलीच्या बहुतेक घरांत त्याला जागा द्यायची तर माणसांच्या वाटची जागा काढावी लागेल.

विषम संख्येचा नियमही मला पटला नाही. म्हणे तीन वस्तू असल्या की डोळा फिरता राहतो. आपल्या देव्हाऱ्यासमोर समया जोडीने असतात, दारातली रांगोळी बहुधा दोन्ही बाजूंनी सारखी असते, आणि ते पाहून कुणाच्या डोळ्याला त्रास झाल्याचं मी ऐकलेलं नाही. ही एक सवय आहे, वाईट नाही, पण तिला नियम म्हणू नये. ट्रेचा सल्ला मात्र खराच उपयोगी आहे. रिमोट, चष्मा, पेन एका चौकटीत राहतात आणि एका हाताने उचलता येतात.

आता पितळ

माझं खरं भांडण आहे ते 'जुन्या पितळी वस्तू'शी. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. घागरी, गंज, लोटे, परात, आमच्या लहानपणी घराघरात होते. स्टील आलं आणि बरीचशी भांडी मोडीत गेली. आमच्या घरी एक वस्तू राहिली, आजीचा पानडबा. वर झाकण, आत सुपारी, कात, लवंगेचे कप्पे, चुन्याची डबी, शेजारी अडकित्ता. विचार केला तर टीपॉयवर ठेवायची आपल्याकडची मूळ वस्तू हीच. माणूस आला, बसला, पाणी प्याला की डबा त्याच्याकडे सरकवायचा.

सूत्रात 'पितळी वस्तू' लिहिलं होतं. मी डबा उचलला. आधी चिंच-मीठ लावून, मग पितांबरीने घासून आरशासारखा केला. पुन्हा काळा पडू नये म्हणून वरून स्प्रेने पारदर्शक लॅकरचे दोन हात मारले. वहिनीच्या आल्बमवर ठेवला (आपलं कॉफी टेबल बुक म्हणजे लग्नाचा आल्बमच, नाही का?). फोटो सुंदर आला. मी खूश.

संध्याकाळी आजी आली, सवयीने हात डब्याकडे गेला. झाकण उघडेना. लॅकर बिजागरीत जाऊन वाळलं होतं.

"काहून वं पोरी, डबा जाम काहून झाला?"

"आजी, तो आता शोसाठी आहे."

"मंग पाहुण्याले सुपारी कशातून देशीन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत अशी की मी नेमकं काय केलं, हे मला रसायनशास्त्रातून सगळं ठाऊक होतं. तेच तुम्हाला सांगते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ तपकिरी थर चढतो. हवेत ओल वाढली की लवकर, म्हणजे पावसाळ्यात जास्त. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल हा थर विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं. पण चिंच फार वेळ ठेवली तर पृष्ठभागातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग पडतात. तुमच्याही घरच्या लोट्यावर असे डाग असतील तर ते मळ नव्हेत, तिथे तांबं उघडं पडलंय. आणि दर घासण्यात धातूचा थोडासा अंश जातोच.

लॅकर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकसारखा थर. तो हवा अडवतो, म्हणून चमक टिकते. पण कायमची नाही. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं किंवा ओरखडा आला की हवा आणि ओल तिथून आत शिरते आणि थराखाली काळे ठिपके पसरतात. ते वरून घासून जात नाहीत. फवारण्याआधी हाताचा ठसा राहिला असेल तर त्यातल्या घामातलं मीठ आत काम करत राहतं, आणि काही महिन्यांनी बोटांचे ठसे उमटलेले दिसतात.

दुसरी गोष्ट, लॅकर मारलं की पितळ पितळासारखं वागत नाही. 2005 साली रॉब रीड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पितळी भांड्यांत साठवलेल्या पाण्यावर काम केलं. पितळी भांड्यातल्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू कमी होत गेले आणि 48 तासांनंतर सापडेनासे झाले. भांड्यातून सुटणारे तांब्याचे सूक्ष्म कण, म्हणजे आयन, हे काम करतात. (म्हणून पाणी उकळणं किंवा गाळणं सोडू नका, हा त्याला पर्याय नाही.) अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली, तेव्हा अट घातली की त्यावर मेण, रंग, लॅकर असं काही लावू नये. कारण उघड आहे. जिवाणूचा स्पर्श धातूला नाही, लॅकरला होतो. म्हणजे डब्याची चमक राखताना मी त्याचं पितळपणच झाकून टाकलं होतं.

जे परत आलं नाही

लॅकर काढता येतं. मी सोमवारी ॲसिटोन आणलं, खिडक्या उघडल्या, गॅस आणि उदबत्ती बंद ठेवली (ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते), हातमोजे घालून सुती कापडाने बिजागरी पुसत गेले. तासाभरात झाकण सुटलं. मग साबणाने धुऊन कोरडं केलं.

पण त्याआधीच्या घासण्याने गेलं ते आलं नाही. आजीच्या डब्याचा रंग कधीच एकसारखा नव्हता. कडा आणि तळ तपकिरी, आणि झाकणाच्या पुढच्या ओठावर एक उजळ जागा. पन्नासेक वर्षं तिने तिथेच अंगठा लावून झाकण उघडलं होतं. रोज हात लागतो तिथे थर साचायला वेळच मिळत नाही, म्हणून ती जागा आपोआप पिवळी राहते. देवळाच्या दाराच्या कडीवर हे तुम्ही पाहिलं असेल. मी सगळा डबा सारखा चकचकीत केला आणि ती खूण त्यात बुडाली. पृष्ठभागाचा अभ्यास करणारी मी, आणि घरातला सर्वांत बोलका पृष्ठभाग मीच पुसून टाकला.

म्हणून या सूत्रावर माझा आक्षेप नुसता जागेचा नाही. ते वस्तूच्या चमकेलाच वस्तू समजतं. त्याला 'जुनं' हवं असतं, पण जुनेपणाच्या खुणा नको असतात.

याबद्दल एक जुना अभ्यास आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रोशबर्ग-हॉल्टन या दोघांनी शिकागो भागातल्या 82 कुटुंबांतल्या 315 जणांना विचारलं, घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला खास वाटतात आणि का? पुस्तक 1981 चं आहे. लोकांनी कारणं सांगितली त्यात वस्तू किती देखणी, यापेक्षा ती कुणाची आठवण आहे, कुणाशी जोडते, हे ठळक होतं. पिढीगणिक फरकही दिसला. तरुणांना ज्या वस्तूंनी काही करता येतं त्या प्रिय, वयस्कांना फोटो. आमच्या घरी मात्र उलटं झालं. आजीला डबा वापरायचा होता आणि मला त्याचा फोटो हवा होता.

एक बाजू त्यांचीही

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. कुणी म्हणेल, शोसाठी का होईना, लोक पितळ घेतात म्हणून कारागिराला काम मिळतं. मान्य. स्वयंपाकघरातून गेलेलं पितळ हॉलमधून परत येत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मोडीत वितळण्यापेक्षा शोकेसमध्ये उभा लोटा केव्हाही बरा. माझं म्हणणं एवढंच, की जी वस्तू वापरण्यासारखी आहे तिला बंद करू नका. आणि नवीन शोभेची पितळी वाटी घेतली असेल तर तिच्यात खायचं ठेवू नका. ओतीव शोभेच्या पितळेत शिसं असू शकतं, आणि वर लॅकर असतंच. आंबट पदार्थ तर कल्हई नसलेल्या कोणत्याही पितळेत नकोच.

मग टीपॉय कसा ठेवायचा?

आमच्याकडे आता असं आहे. एक ट्रे, त्यात पेपर, रिमोट आणि बाबांचा चष्मा. ट्रेखाली आंधळगावच्या कोशाच्या कापडाची एक पट्टी, आईच्या फाटलेल्या साडीची. एका कोपऱ्यात पानडबा. बाकी टीपॉय रिकामा, प्लेटांसाठी. डबा आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या कापडाने पुसायचा. हिरवट चिकट डाग दिसला तर तेवढाच साफ करायचा. सगळा घासायचा नाही.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आजीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सुपारी आहे का हो?" आमच्या आजीने डबा सरकवला. झाकण जरा कुरकुरलं, कारण बिजागरीत थोडं लॅकर अजून होतं. पुढचा अर्धा तास त्या दोघी पवनीच्या बाजारात पूर्वी कुठलं पान मिळायचं, यावर बोलत बसल्या. त्या अर्ध्या तासात माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यामुळे मलाही जरा बरं वाटलं.

लग्न जमलं का, हा विषय या ब्लॉगचा नाही. पण परवा डबा उजेडात धरून पाहिला. बाकीचं पितळ पुन्हा मंद होऊ लागलंय, आणि झाकणाच्या पुढच्या ओठावर एक जागा इतरांपेक्षा किंचित उजळ आहे. आजी रोज सकाळ-संध्याकाळ उघडते. मी दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीत, त्याच वेळी तिचा फोटो काढून ठेवणार आहे. पावसाळा संपला की काय दिसतं ते इथेच सांगेन.