सर्पगंधा, रेसर्पीन आणि ‘क्षाराभ’ ही संज्ञा

वनस्पतिज औषधांच्या इतिहासासाठी आपली पाठ्यपुस्तके जी दोन-चार पाने राखून ठेवतात, त्यांत सर्पगंधेचा परिच्छेद सहसा चुकत नाही. हा परिच्छेद दोन प्रकारांनी लिहिला जातो. पहिल्या प्रकारात भारताने मुळी पुरविली आणि स्वित्झर्लंडने तिच्यातील सत्त्व शोधले, असा श्रमविभाग दाखविलेला असतो. दुसऱ्या प्रकारात, आमच्या वैद्यांना हे सारे पूर्वीच ठाऊक होते, १९३१ मध्ये दिल्लीला अल्कलॉइडे वेगळी काढली गेली तेव्हाच खरा शोध लागला आणि परदेशी कारखानदारांनी पुढे त्यावर केवळ आपले नाव कोरले, असे सुचविलेले असते. पहिला प्रकार उत्तरपत्रिकांत अधिक, दुसरा सभासंमेलनांतील भाषणांत अधिक. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही प्रकार सदोष आहेत, आणि दोहोंतील दोषाचे कारण एकच आहे. मुळीतील अल्कलॉइड सापडणे म्हणजे मुळीचा गुण सापडणे, हे समीकरण दोघांनीही न तपासता स्वीकारलेले आहे.

घटनाक्रम प्रथम नीट मांडला पाहिजे. सर्पगंधा ही कण्हेर कुलातील लहानशी झुडूपवजा वनस्पती. मराठीत तिला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. बिहारकडे तिची मुळी वेडावरचे औषध म्हणून विकली जाई, आणि ‘पागल की दवा’ हे तिचे नावच तिचा उपयोग सांगते. १९३१ मध्ये दोन स्वतंत्र गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच स्फटिकी अल्कलॉइडे मिळविली, आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांपैकी तिघांस अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन अशी नावे दिली. उरलेली दोन सर्पेंटीन व सर्पेंटिनीन. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवर मुळीच्या चूर्णाचा उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये कलकत्त्याला रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधिक्रियेचा अभ्यास मांडला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी रेसर्पीन वेगळे केले ते १९५२ मध्ये. वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण जाहीर केले.

या क्रमाकडे पाहिल्यावर जो प्रश्न सर्वप्रथम मनात यावा तो आपली पुस्तके विचारीतच नाहीत. जे द्रव्य मुळीच्या शामक गुणाचे मुख्य कारण, ते १९३१ मध्ये हाती का लागले नाही? मध्ये एकवीस वर्षे का जावी लागली? साधनांची उणीव हे नेहमीचे उत्तर. त्यात तथ्य आहे, नाही असे नाही. वर्णलेखनासारखे तंत्र हाताशी असते तर दिल्लीच्या संशोधकांचे काम पुष्कळ सोपे झाले असते. परंतु ज्यांनी एकाच मुळीतून पाच जवळजवळची द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केली, त्यांच्या हातोटीत उणीव होती असे म्हणणे धाडसाचे आहे. उणीव होती ती, आमच्या मते, ज्या संज्ञेने त्यांना काय शोधावयाचे ते सांगितले त्या संज्ञेत.

‘अल्कलॉइड’ हा शब्द हाले येथील औषधविक्रेता माइसनर याने १८१९ मध्ये रूढ केला. त्याचा अर्थ ‘अल्कासारखा’ एवढाच. आपल्याकडील ‘क्षाराभ’ हा पर्याय त्याचे प्रामाणिक भाषांतर आहे, आणि म्हणूनच त्यातील दोषासह आलेला आहे. सर्टुर्नरने अफूतून मॉर्फीन काढले ते अमोनियाने साका पाडून. पेल्त्ये व काव्हांतू यांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन व १८२० मध्ये क्विनीन मिळविले. ही सर्व द्रव्ये अम्लाशी लवणे देणारी, पाण्यात उतरणारी आणि अल्क घालताच पुन्हा बाहेर पडणारी. ज्या युक्तीने ती हाती लागली तीच युक्ती मग त्या वर्गाची व्याख्या होऊन बसली. गंमत अशी की, माइसनरने हा शब्द दिला त्याच वर्षी अर्स्टेडने मिऱ्यांतून पिपरीन वेगळे केले. पिपरीनमधील नायट्रोजन अमाइड बंधात गुंतलेला असल्यामुळे ते क्षारक म्हणण्याजोगे नाहीच, तरीही ते अल्कलॉइडांच्या यादीत बसविले गेले. आपल्या कोकणातील कळलावीत असणारे कॉल्चिसीनही तसेच. व्याख्या पहिल्या वर्षापासूनच गळत होती. परंतु अपवाद म्हणून दोन-चार नावे बाजूला लिहून ठेवली की व्याख्या शाबूत राहते, ही वर्गीकरणकारांची जुनी सवय आहे.

आता या व्याख्येतून प्रयोगशाळेत काय घडते ते पाहू. वनस्पतीचा अल्कोहॉली अर्क घ्यावयाचा, त्यातील अल्कोहॉल उडवून टाकावयाचे, अवशेष सौम्य अम्लात कालवावयाचा. क्षारके लवणरूपाने पाण्यात जातात. चरबी, रंगद्रव्ये, राळ ही मागे राहतात किंवा क्लोरोफॉर्मसारख्या विद्रावकाने धुऊन काढता येतात. मग पाणथर अल्कधर्मी करावा, आणि जे बाहेर पडेल ते अल्कलॉइड. आपल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही कृती केलेली असते. तिचा गाभा हा की, अम्लातून विद्रावकात जाणारा भाग हा केर समजावयाचा. रेसर्पीन नेमके याच केरात जाते. ते दुर्बल क्षारक आहे, त्याचे पीकेए मूल्य सुमारे ६.६. शिवाय मिथिल एस्टर व ट्रायमेथॉक्सिबेंझॉइल एस्टर यांनी युक्त असा तो अवजड, पाण्याचे वावडे असलेला रेणू. अम्लयुक्त विद्रावात असतानासुद्धा क्लोरोफॉर्म त्यास ओढून घेतो. शुद्धीकरण जितके काटेकोर, तितके रेसर्पीन गमावण्याचा संभव अधिक.

सर्पेंटीनशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. सर्पेंटीन हे रचनेने अजमलिसीनच. केवळ एका वलयातील हायड्रोजन जाऊन ते वलय ॲरोमॅटिक झालेले आहे. या एका फरकामुळे ते पिवळे आणि प्रबल क्षारक बनते, आणि क्षारक शोधणाऱ्यास ते आपण होऊन भेटते. सिद्दिकींनी आपल्या पाच द्रव्यांचे पांढरी दुर्बल क्षारके व पिवळी प्रबल क्षारके असे दोन गट पाडले होते. येथे कोणी आक्षेप घेईल की दुर्बल क्षारके तर त्यांना मिळाली होती, मग आमचा मुद्दा कसा टिकतो? उत्तर असे की, ‘दुर्बल’ हा शब्द तेथे सर्पेंटीनच्या तुलनेने आलेला आहे. अजमलीन हे रेसर्पीनहून बरेच प्रबल क्षारक असून सौम्य अम्लात ते निःशंकपणे पाण्याबरोबर राहते. चाळणीची भोके कितीही बारीक केली तरी चाळणीखाली हात न घालणाऱ्यास तेथे काय पडले ते कळत नाही.

दुसरी गफलत परीक्षणाच्या पद्धतीतील. बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या रक्तदाबाचा आलेख काजळलेल्या फिरत्या कागदावर घ्यावयाचा आणि औषध टोचल्यावर काही मिनिटांत रेषा चढते की उतरते ते पाहावयाचे, ही त्या काळची रूढ रीत. शीघ्र क्रिया करणाऱ्या द्रव्यांस ती न्याय देते. रेसर्पीन शिरेतून दिले तरी त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास तासांची वाट पाहावी लागते, आणि एकदा दिसला की तो दिवसेंदिवस टिकतो. कारण ते मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या साठवण-पिशव्यांत सेरोटोनिन, डोपामीन, नॉरॲड्रेनालीन यांस नेणारी यंत्रणा बंद पाडते. साठा हळूहळू रिता होतो आणि तो भरून येण्यास काळ लागतो. सेरोटोनिनचा साठा रिता होतो हे १९५५ मध्ये दाखविले गेले. १९५७ मध्ये कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. पार्किन्सनच्या कंपवातावरील आजची चिकित्सा येथून निघाली. वैदू व वैद्य रुग्णास मुळी दिवसानुदिवस देत आणि दिवसांच्या मापाने गुण पाहत. घड्याळ निवडण्यात त्यांची चूक झाली नव्हती.

या सर्वांत आम्हांस जी गोष्ट अतिशय खटकते ती १९४४ मधील एका निबंधाची उपेक्षा. गुप्त, कहाली व दत्त यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये डेहराडूनच्या मुळीतून मिळविलेल्या राळेच्या अंशात निद्राकारक गुण असल्याचे मांडले. म्हणजे गुण केरात गेला आहे, हे या देशात, बाझेलच्या आठ वर्षे आधी, लेखी नमूद झालेले होते. पहिल्या प्रकारचा परिच्छेद लिहिणारे हा निबंध वगळतात, कारण मग ‘मुळी पुरविणारा भारत’ हे चित्र बिघडते. दुसऱ्या प्रकारचे लेखकही तो वगळतात, आणि हे अधिक शोचनीय आहे. त्यांच्या अभिमानास पाच नावे असलेली स्फटिकी द्रव्ये हवी असतात, बेनाव चिकट राळ त्यांच्या उपयोगाची नसते. बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांचे श्रेय हे की त्यांनी राळेपासूनच आरंभ केला आणि प्रत्येक टप्प्यावर अंशाची परीक्षा प्राण्यावरील शामक परिणामाने घेतली. क्षारकता ही त्यांची वाटाडी नव्हती. हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. त्याचबरोबर राळेकडे बोट दाखविणारे कोण, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या मांडणीला आणखी एक फाटा अलीकडे फुटला आहे. संपूर्ण मुळी ही शुद्ध रेसर्पीनपेक्षा निर्धोक, कारण इतर अल्कलॉइडे त्याचे दोष आवरतात, असे सांगितले जाते. ही कल्पना अशक्य कोटीतील नाही, पण केवळ आकर्षक असल्यामुळे ती सिद्ध होत नाही. वकिलांचे रुग्ण संपूर्ण मुळीच्या गोळ्या घेत होते. तेवढ्याने शुद्ध द्रव्याशी तुलना झाली असे होत नाही. मुळीतील रेसर्पीनचे प्रमाण हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी असते व ते स्थळ-ऋतूप्रमाणे बदलते. रेसर्पीनची रोजची मात्रा मिलिग्रॅमच्या विसाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत. इतक्या सूक्ष्म मात्रेत चूर्णातील चढउतार हा काही किरकोळ प्रश्न नव्हे. रक्तदाबावर आज रेसर्पीन पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही, आणि विषण्णता हा त्याचा दोष जास्त मात्रांच्या काळात फार गाजला. म्हणून मुळी निर्दोष ठरत नाही. तिच्यातही रेसर्पीनच आहे.

व्याख्येची दुरुस्ती विज्ञानाने पुढे केली आहे. एस. डब्ल्यू. पेलेटिअर यांनी १९८३ मध्ये सुचविलेल्या व्याख्येत क्षारकतेची अट उरलेली नाही. नायट्रोजनयुक्त वलयी संयुग आणि सजीवांत मर्यादित आढळ, यांवर ती उभी आहे. जननमार्गाच्या दृष्टीने पाहिले तर सर्पगंधेपुरता प्रश्न आणखी सुटसुटीत होतो. ट्रिप्टामीन व सेकोलोगॅनीन यांच्या संयोगाने स्ट्रिक्टोसिडीन तयार होते, आणि अजमलीन, अजमलिसीन, सर्पेंटीन, योहिंबीन व रेसर्पीन ही सर्व त्याची अपत्ये. वंशाने सख्खी भावंडे, क्षारकतेने एकमेकांपासून दूर. हा संयोग घडविणाऱ्या एंझाइमाचे जनुक १९८८ मध्ये याच वनस्पतीतून वेगळे करण्यात आले.

असे असूनही आपल्या विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधिकांत काय दिसते? ड्रॅगेनडॉर्फ विक्रियाकाने नारिंगी साका आला की ‘क्षाराभ उपस्थित’, न आला की ‘अनुपस्थित’. पुढचा सारा शोध त्या एका रकान्यावर ठरतो. अम्लाने धुतल्यानंतर उरलेला राळेचा भाग किती भरला, त्याचे काय केले, तो कोणत्या प्राण्यावर वा पेशींवर किती काळ तपासला, यासाठी तक्त्यात जागाच नसते. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत असे अनेक चंबू बिनदिक्कत मोरीत ओतले आहेत, आणि त्यांचे वजनसुद्धा टिपून ठेवलेले नाही. निदान एवढे तरी व्हावे की प्रत्येक अंशाचे वजन लिहिले जावे, अम्लातून क्लोरोफॉर्ममध्ये गेलेला भाग स्वतंत्र बाटलीत राहावा, आणि परीक्षणाचा काळ मिनिटांत, तासांत की दिवसांत, हे अगोदर ठरविले जावे.

१९३१ च्या द्रव्यांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यांना ‘निरुपयोगी’ ठरविण्याची जी प्रथा १९५२ नंतर पडली, तीही तितकीच चुकीची. अजमलीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरले गेले. १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी वर्णिलेल्या हृद्विकाराचे निदान करण्यासाठी आजही काही देशांत ते शिरेतून देऊन हृद्-आलेख पाहतात. त्याचा परिणाम मिनिटांत दिसतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. काजळलेल्या कागदाच्या घड्याळात तो बसला असता.